बाबांच्या जीपचा गिअरबॉक्स

आमच्या घरात भांडणं होतात ती बहुतेक मासळीवरून. बर्फ कुणी कमी टाकला, मोठ्या सुरमईखाली बारकी कुणी दडवली, दापोलीच्या बाजारात आज कुणी जायचं. या वर्षी मात्र शिमगा उरकल्यापासून मे संपत येईपर्यंत आम्ही भांडलो ते एका गिअरबॉक्सवरून. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय गो, आज परत गेरबाक?" आणि मी म्हणायची, "परत नाही, अजून तोच!"

मी बुरोंडीची. बंदरावर उतरलेली मासळी माझ्या टेम्पोतून दापोलीला आणि खेडला नेऊन विकते. टेम्पो मीच चालवते, त्यामुळे गाडीतलं मला कळत नाही असं कुणी म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. पण ही गोष्ट टेम्पोची नाही, बाबांच्या जीपची आहे.

बाबांची जीप वयाने माझ्यापेक्षा मोठी. चारही चाकांनी ओढणारी, वर ताडपत्रीचा टप, आणि रंग विचारूच नका, खाऱ्या हवेने तो कधीच खाऊन टाकलाय. तिचं वर्षातलं मुख्य काम एकच. मे अखेरीला मासेमारीची बंदी लागायच्या आत वाडीतल्या होड्या पाण्यातून ओढून वर माडांपर्यंत आणायच्या. तिथे त्या विणलेल्या झावळ्यांच्या झापांनी शाकारून पावसाळाभर ठेवतात. होडीखाली तेल लावलेले ओंडके टाकायचे, दोर जीपला बांधायचा, माणसांनी दोन्ही बाजूंनी होडी सावरायची, आणि बाबांनी ओढायचं. मला कळायला लागल्यापासून हे असंच चाललंय. त्या चार-सहा दिवसांत बुरोंडीच्या वाळूवर बाबांच्या शब्दाला जो मान असतो तो वाडीतल्या सगळ्या होड्यांचा कारभार बघणाऱ्या तांडेलालासुद्धा नसतो.

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदमच झाल्या. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जीपचा गिअरबॉक्स गेला. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात उभी राहून आत पाणी शिरलं होतं, तेलाचं ताक झालं होतं आणि दात पार झिजले होते. होड्या ओढायला वाडीने पलीकडच्या गावातून ट्रॅक्टर बोलावला. बाबा त्या दिवसांत खाली वाळूवर गेलेच नाहीत. ते म्हणाले, गुडघा दुखतो. पण गुडघा दुखणारा माणूस टीव्हीसमोर बसून बातम्या सांगणाऱ्या बाईवर असा खेकसत नाही. त्यानंतर पावसाळा गेला, नवरात्र गेलं, दिवाळी गेली, आणि बाबा ओटीवरून खाली उतरायचेच बंद झाले. जेवण निम्म्यावर आलं. मला भीती वाटायला लागली. खरंच भीती, उगाच शब्द म्हणून नाही. मी ठरवलं की पुढच्या मे महिन्यात जीप वाळूवर उभी राहिली पाहिजे आणि तिच्यात बाबा बसले पाहिजेत. नाहीतर हा माणूस असाच ओटीवर बसून संपायचा.

खेडला जगबुडी नदीच्या पुलाकडे जाताना एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. माझ्या टेम्पोचं काम तेच करतात. जुन्या जीपा नव्याने उभ्या करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही, आणि बोलण्यातही नाही. जीप टेम्पोला बांधून, टोचन करून तिथे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही जीप आहे की मिठागर?"

मी म्हटलं, "तुम्ही काम सांगा, जोक नंतर करा."

त्यांच्याकडे तीन गिअरबॉक्स पडून होते. पहिला होता तसाच जुना, तीन गिअरचा. दुसरा चार गिअरचा, कुठल्यातरी जुन्या मोठ्या गाडीतून निघालेला, ओतीव लोखंडाचा धोंडाच तो. त्याचा पहिला गिअर नुसता ताकदीचा. रस्त्यावर कुणी तो वापरतही नाही, दुसऱ्यावरच गाडी उचलतात. चढावर माल भरलेला असेल तर तो पहिला टाकायचा. तिसरा पाच गिअरचा, नव्या जमान्याच्या गाडीचा, हलका, गुळगुळीत. दोन बोटांनी दांडा सरकतो.

आता यातला कुठला?

माझा धाकटा भाऊ मुंबईला असतो. फोनवर त्याचं मत तयारच होतं. "ताई, मॅन्युअल कशाला? ऑटोमॅटिक बसव. बाबांचा पाय बघ ना. क्लचच नको."

मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, बसवता येईल, पण या इंजिनाला, या फोर-व्हीलला आणि खाऱ्या पाण्याला ते परवडणार नाही. बिघडलं तर मुंबईहून माणूस आणावा लागेल. मी भावाला म्हटलं, तो माणूस तूच होणार असशील तर बसवते. मग त्याने पाच गिअरवर बोट ठेवलं. "पाचवा असला तर हायवेला गाडी ओरडत नाही. मी आलो की गणपतीपुळ्याला जाऊन येऊ सगळे."

माझा जीव चार गिअरवाल्यावर होता. त्या पहिल्या गिअरची ताकद ऐकून मला वाळूवरच्या होड्याच दिसत होत्या. पण मिस्त्री म्हणाले, "ताई, याचा क्लच जड येतो. तुमच्या वडिलांचा गुडघा म्हणताय. पाचवाल्याचा क्लच हलका, लोण्यासारखा. आणि त्याचाही पहिला गिअर काही वाईट नाही, जुन्या तीनवाल्यापेक्षा ताकद जास्तच आहे."

झालं. गुडघा म्हटल्यावर माझा हट्ट संपला. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, मोबाईलमध्ये तिन्ही बॉक्सचे फोटो दाखवले, कुठल्याचा पहिला गिअर कसा, दुसरा कसा, क्लच किती जड, सगळं. बाबांनी फोटो बघितले न बघितले.

"टाका काय टाकायचा तो."

"बाबा, अहो गाडी तुमची आहे!"

"माझी काय आता. टाका."

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. कोयती आपटली आणि मागच्या दारी गेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, पाच गिअरचा बसवा.

काम झालं तेव्हा मे महिना लागला होता. खेडहून जीप मीच चालवत आणली आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. घाटात गाडी अशी आली की जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. दापोलीच्या पुढे एका वळणावर थांबले, घरी फोन लावला आणि ओरडले, "बाबा, गाडी पळतेय!" पलीकडून "हां" एवढंच आलं. मी मनात म्हटलं, बसू देत गाडीत. एकदा सीटवर बसले की खुलतील.

आणि खुलले थोडे. आमची स्वतःची लहान होडी वर घ्यायची होती, तीच आधी ओढून बघायचं ठरलं. बाबा काठी टेकत खाली आले. वर्षभराने त्यांचे पाय वाळूला लागले. वाडीतली माणसं जमली. कुणी म्हणालं, "या या, साहेब आले!" बाबांनी त्याला एक सणसणीत शिवी दिली. मला इतकं बरं वाटलं ती शिवी ऐकून, काय सांगू.

ते सीटवर बसले. क्लच दाबून बघितला. "हलका हाय," म्हणाले. मग जीप खाली पाण्याकडे तोंड करून उभी केली. पुढच्या हुकाला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला होडीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक. बाबांचं तोंड होडीकडे, होडीजवळच्या माणसांकडे. फोर-व्हीलचा लहान दांडा जास्त ओढीच्या 'लो'वर टाकला. आणि मग मोठा दांडा त्यांनी रिव्हर्सला टाकला.



अहो, रिव्हर्स! हे मी जन्मभर बघितलेलं होतं. जीप नेहमी मागे मागे जात होडी ओढायची, तोंड कायम समुद्राकडे. पण गिअरबॉक्स निवडायचा म्हटल्यावर आम्ही सगळे मोजत बसलो पहिला गिअर. मिस्त्रींनी पहिला बघितला, भावाने पाचवा बघितला, मी पहिल्यासाठी हटून बसले. रिव्हर्स म्हणजे काय, गाडी लावायला, वळवायला. त्याच्याकडे बघतंय कोण?

जीपने ओढायला सुरुवात केली आणि इंजिन बंद पडलं. बाबांनी पुन्हा चालू केलं, जास्त अॅक्सिलरेटर दिला, क्लच अर्धा धरला. होडी हातभर सरकली. ओंडका मागून पुढे आणायला थांबावं लागलं. पुन्हा क्लच. पुन्हा अर्धा धरलेला. त्या पाच गिअरवाल्याचा रिव्हर्स सावकाश जायलाच तयार नव्हता. एकतर उडी मारायचा नाहीतर बंद पडायचा. चाकं वाळूत बसायला लागली. क्लचप्लेट जळल्याचा वास सुटला. बाबांचा डावा पाय थरथरताना मला बाहेरून दिसत होता. शेवटी त्यांनी चावी बंद केली, खाली उतरले, काठी घेतली आणि कुणाकडे न बघता घराकडे चालायला लागले. होडी माणसांनी हातानेच वर ओढली. तांडेल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मोठ्या होड्यांना ट्रॅक्टर सांगून ठेवतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी बाबांच्या मागून धावले. पाखाडीच्या पायऱ्यांवर गाठलं.

"रिव्हर्सने ओढता ते बोलायला तोंड नव्हतं का? दोन महिने तुम्हाला गिअर गिअर म्हणून दाखवतेय, आणि तुम्ही आपले मूग गिळून बसलात! आणि आज तरी सरळ पहिल्याने ओढायची होती ना, गाडी वळवून! सगळं जग ओढतं तसं!"

बाबा पायरीवर बसले. धाप लागली होती. तसेच म्हणाले, "पाठ करून ओढायची नाय, बाय."

"का नाही?"

"तू व्हायच्या आधीची गोष्ट. पयल्यानेच ओढायचो मी पण. तोंड वर, होडी मागं. एकदा ओंडका निसटला, माणूस खाली गेला, सगळी बोंबलत होती आणि मना इंजिनाच्या आवाजात ऐकूच आलं नाय. मी आपला ओढतोय. पाय गेला त्याचा. त्या दिवसापासून माणसांकडं पाठ करून मी दोर ओढला नाय. हात वर झालेला मना दिसला पायजे."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. पण माझा राग काही तेवढ्याने उतरेना. "मग हे आधी सांगायचं होतं!"

"मना वाटलं होड्या आता ट्रॅक्टरच ओढणार. तुम्ही जीप करताय ती आपली फिरायला. तो गणपतीपुळं म्हणत होता फोनवर. तू गुडघा गुडघा म्हणत होतीस. होडीचं कुणी विचारलंच कुठं?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसकण मारली. इतके दिवस ज्याच्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते त्यांना एकदाही सरळ शब्दांत सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, न सांगता कळेल. आमच्या घरात सगळं असंच. भांडण मोठ्याने, आणि मायेचं म्हणाल तर चिडीचूप.

"बाबा," मी म्हटलं, "जीप होड्यांसाठीच करतेय मी. तुम्ही ओढाव्यात म्हणून. फिरायला मला टेम्पो आहे."

ते काठी टेकत उठले आणि घरी गेले. पण जळलेल्या क्लचसाठी जीप खेडला पाठवली आणि दोन दिवसांनी सकाळी मी मासळी भरून निघाले तर बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून टेम्पोपाशी उभे. "खेडला जातेस ना? मी येतो."

गॅरेजमध्ये त्यांनी मिस्त्रींना पहिला प्रश्न विचारला तो रिव्हर्सचा. मिस्त्री जरा गोंधळले. मग बाबांनी त्यांना वाळूवरचं काम हातवारे करून दाखवलं, होडी इथे, मी इथे, माणसं इथे. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो काका, मी जन्मात होडी ओढताना बघितलेली नाही! मला वाटलं सरळ पुढे जाता!"

मग तिन्ही बॉक्स टेबलावर आले. पाचवाला क्लचप्लेटसाठी जीपमधून आधीच उतरवून ठेवला होता. एकेक रिव्हर्सला टाकायचा, चाकांकडच्या टोकावर खडूने खूण करायची, इंजिनाकडचं टोक हाताने फिरवायचं आणि बघायचं, चाकांकडचं टोक किती सावकाश फिरतं. जेवढं सावकाश तेवढी ओढायची ताकद जास्त. मिस्त्री फिरवत होते आणि बाबा चष्मा लावून, खडूची खूण बघत समोर उकिडवे बसायला गेले आणि गुडघ्याने "आई गं" केल्यावर स्टुलावर बसले. जुना तीनवाला बरा होता. पाचवाल्याचं टोक भराभर फिरलं. बाबांनी त्याच्याकडे नाक मुरडलं. चारवाल्याची पाळी आली. मिस्त्रींनी फिरवलं, फिरवलं, हात बदलला, पुन्हा फिरवलं, तेव्हा कुठे पलीकडची खडूची खूण कशीबशी फिरून जागेवर आली. पहिल्या गिअरपेक्षाही रिव्हर्स जास्त सावकाश होता.

"ह्यो," बाबा म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, "काका, क्लच जड आहे याचा. तुमच्या पायाला..."

"दाबायचा किती वेळा?" बाबांनी मध्येच विचारलं. "गाडी मुंगीवाणी जात असंल तर अर्धा धरून ठेवायला लागंल काय? सोडला पाय की सोडला. थांबायच्या वेळी एकदा दाबायचा."

मिस्त्री हसायलाच लागले. खरंच की! बाबांचा गुडघा मोडत होता तो पेडल जड म्हणून नव्हे, तर पेडल अर्ध्यात धरून ठेवावं लागत होतं म्हणून. आम्ही लोण्यासारखा क्लच शोधत बसलो होतो, आणि खरी गोष्ट वेगळीच होती. तरीपण मिस्त्रींनी आपली युक्ती जोडलीच. क्लचला ब्रेकसारखी तेलाची नळी बसवून देतो म्हणाले, म्हणजे निम्मा भार कमी होईल. आणि बॉक्सची हवा बाहेर जायला जे बारीक भोक असतं त्याला रबरी नळी लावून ती वर डॅशबोर्डपर्यंत नेतो, म्हणजे खारं पाणी आत शिरणार नाही. बाबा खुश. ते दोघं मग चहा पीत इतका वेळ बोलत बसले की माझी मासळी बाजारात पोहोचायला उशीर झाला आणि मी चक्क काही बोलले नाही.

भावाने फोनवर तोंड वाकडं केलं. "चार गिअर? हायवेला नुसती कण्हत जाईल ती!"

मी म्हटलं, "तू येतोस गणपतीला आणि शिमग्याला. बाकी वर्षभर ती इथे असते, आणि बाबाही." जरा वेळाने त्याचाच परत फोन आला. म्हणाला, होड्या ओढायच्या दिवशी व्हिडिओ कॉल लाव.

जीप आली तेव्हा होड्या वर घ्यायला सुरुवात व्हायचीच होती. त्या सकाळी आम्ही खाली उतरलो तर ट्रॅक्टर आधीच वाळूवर उभा. तांडेलाने सांगून ठेवलं होतं, त्याचीही चूक नाही. सगळ्यात मोठी होडी पहिली होती. तांडेल एकदा ट्रॅक्टरकडे बघे, एकदा बाबांकडे. बाबा कुणालाही न विचारता जीपमध्ये चढले, तोंड समुद्राकडे करून उभी केली आणि दोरासाठी हात पुढे केला.  मग तांडेलाने दोराचं टोक उचललं आणि जीपच्या हुकात अडकवलं.

बाबांनी क्लच दाबला. दांडा रिव्हर्सला टाकताना कर्रकन् आवाज झाला. मी ओठ चावत उभी, एका हातात मोबाईल, त्यात भावाचं तोंड. बाबांनी हळूहळू पाय सोडला. इंजिन जरा दबलं, धडधडलं, आता बंद पडणार असं वाटलं, आणि जीप मागे सरकायला लागली. इतकी सावकाश की चाक फिरतंय की नाही ते त्याच्यावरच्या चिखलाकडे बघून कळावं. दोर ताठ झाला. होडी कण्हली आणि हलली. बाबांनी डावा पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि नजर समोर माणसांवर. कुणाचा हात वर झाला की एकदा क्लच, ब्रेक, थांबायचं. ओंडका पुढे आला, हात खाली, पुन्हा पाय सोडायचा. बंद पडणं नाही, उडी नाही, वास नाही. होडी आपली वर वर येत राहिली. मी रडायला लागले. सगळ्या वाडीसमोर, मोबाईल हातात धरून, हुंदके देऊन रडले आणि मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही. भाऊ विचारत होता, "ताई, काय झालं? ताई, दाखव ना नीट!"

होडी माडांपाशी येऊन टेकली. माणसांनी दोर सोडला. तांडेल जीपजवळ गेला आणि बाबांच्या पायाकडे बघत म्हणाला, "दमला असाल ना? बाकीच्या ट्रॅक्टरवर घेऊ काय?"

बाबांनी दांडा पुढे टाकला, जीप पुन्हा पाण्याकडे निघाली, आणि टपाखालून त्यांचा आवाज आला, वर्षभरात घरात कुणी ऐकला नव्हता एवढा मोठा.

"दमला तुझा ट्रॅक्टर! पुढची बांधा!"